किती सेकंदाला?

“ताई, ऐकून सांगा. अगदी स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.”

रात्री पावणेअकराला आलेला मेसेज आणि त्याखाली 3 मिनिटं 40 सेकंदांची ऑडिओ फाइल. पाठवणारी 23 वर्षांची, मूळची अंबाजोगाईची, सिंहगड रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसणारी. थायरॉइडच्या तपासणीसाठी मी तिथे दर तीन महिन्यांनी जाते. दुसऱ्याच खेपेला पावती फाडता फाडता तिनं विचारलं होतं, “तुमचा आवाज मी ऐकलाय कुठंतरी. तुम्ही पुस्तकं वाचता का?” मी हो म्हटलं, तर मागे रांग खोळंबलेली असताना ती उभीच राहिली. “मला पण तेच करायचंय.”

मी 28 वर्षं आवाजावर पोट भरते. सुरुवातीला आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक, मग माहितीपट, डबिंग आणि आता बहुतेक ऑडिओबुकं. 2017च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल भारतात आलं, मराठी पुस्तकं कानांनी वाचायची सवय हळूहळू लोकांना लागली, आणि तेव्हापासून माझ्याकडे असे नमुने येऊ लागले. भाचीची मैत्रीण, सोसायटीतल्या काकूंचा मुलगा, निवृत्त झालेले एक मुख्याध्यापक. सगळ्यांचं म्हणणं एकच: स्पष्ट सांगा. आपण केलेली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवून ‘स्पष्ट सांगा’ म्हणणाऱ्या माणसाला वाईट वाटतंच. पहिली पुरणपोळी असो, कविता असो. आवाजाच्या बाबतीत जास्तच वाटतं, कारण कविता बदलता येते, पोळी पुन्हा लाटता येते, आवाज मात्र घशातच असतो.

त्या रात्री दिवा मालवून, डोळे मिटून मी तिची फाइल ऐकली. पहिल्या खेपेला मी हातात पेन घेत नाही. पेन हातात आलं की आपण परीक्षक होतो आणि चुका ऐकू यायला लागतात. गोष्ट ऐकूच येत नाही. पुढे कधी तिचं पुस्तक कुणी ऐकलंच, तर ते कात्रजच्या बसमध्ये उभ्यानं किंवा पोळ्या लाटताना ऐकेल. त्या माणसासारखं एकदा तरी ऐकायला हवं.

चाळिसाव्या सेकंदाला माझ्या मनात आलं, मटकी भिजत घालायची राहिली.

हे मी टिपून ठेवलं. मटकी कुठे आठवली, ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात खरी माहिती आहे. त्या क्षणी माझं लक्ष सुटलं, म्हणजे तिथे काहीतरी झालं. काय झालं, हे दुसऱ्यांदा ऐकताना शोधायचं. मग पेन, मग सेकंद.

काय झालं होतं ते दुसऱ्या खेपेला कळलं. तिनं आवाज खाली ढकलला होता. काउंटरवर ती बोलते तो आवाज मोकळा, थोडा वरच्या पट्टीतला. फाइलमधली बाई जाड, जड, जणू तिला ‘गंभीर’ व्हायला सांगितलंय. हे जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होतं, आणि त्याला कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खालचे सूर जास्त पोचतात. त्यामुळे स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं की आवाज पातळ, परका वाटतो; ‘ही मी नाहीच’ असं वाटतं. मग माणूस ती पोकळी भरायला जातो आणि खर्जात उतरतो. बाईचा बोलण्याचा आवाज सर्वसाधारणपणे सेकंदाला 200 कंपनांच्या आसपास असतो, पुरुषाचा 120च्या. ही मुलगी स्वतःचं घर सोडून अर्ध्या वाटेवर येऊन उभी राहिली होती आणि तिथून गोष्ट सांगत होती. घसा धरून बोललं की भावनेला जागा राहत नाही. म्हणून मटकी.

आणि 2 मिनिटं 51 सेकंदांवर ती विसरली. गोष्टीत एक म्हातारी येते आणि सुनेला म्हणते, “अगं, पोरगी उपाशी आली असंल, आधी भाकर वाढ तिला.” सात सेकंद. त्या सात सेकंदांत खोली बदलली. घसा सुटला, आवाज वर आपल्या जागी गेला, ‘भाकर’वर हात जरा रेंगाळल्यासारखा वाटला. लगेच पुढच्या वाक्याला ती जाड बाई परत आली.

मी ते सात सेकंद चार वेळा ऐकले आणि मग झोपले. उत्तर त्या रात्री दिलं नाही. ‘ऐकलं, नीट ऐकून रविवारी बोलू’ एवढंच लिहिलं. एवढं मात्र लिहायला हवंच, नाहीतर पाठवणारा रात्रभर निळ्या टिकांकडे बघत राहतो.

मी असं जपून करते, त्यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली माझ्याबाबत घडलेली. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका स्टुडिओतल्या ज्येष्ठांनी माझा नमुना ऐकून सांगितलं, “आवाज चांगला आहे, पण काहीतरी कमी आहे.” काय कमी आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. ते ‘काहीतरी’ मी चार वर्षं शोधत होते. ज्येष्ठमध चघळला, बर्फ सोडला, पहाटे उठून खर्ज लावला, एका बाईंकडे गाणं शिकायला गेले. काहीही कमी झालं नाही आणि काही भरूनही आलं नाही. मग एके दिवशी दुसऱ्याच ठिकाणी, चहाला खाली उतरताना, जिन्यात ध्वनिमुद्रक मला म्हणाले, “बाई, तुम्ही प्रत्येक ‘आणि’च्या आधी श्वास घेता. मला काचेपलीकडून कळतं, आता ‘आणि’ येणार.” एवढंच. त्यांनी आवाजाला चांगलंही म्हटलं नाही, वाईटही नाही. मी वर जाऊन ऐकलं. खरंच, प्रत्येक ‘आणि’च्या आधी एक लहानसा हुंदका. तो घालवायला मला एक आठवडा पुरला. चार वर्षं आणि एक आठवडा, यातला फरक मी विसरलेले नाही.

अमीन सयानी आपल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगत, की हिंदी निवेदनाच्या ऑडिशनमध्ये त्यांना नाकारलं होतं. कारण दिलं होतं, उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे. पुढे 1952 साली रेडिओ सिलोनवर त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो नकारच होता, पण त्या नकारात हाताला धरायला काहीतरी होतं. छाप पुसायला बसता येतं. ‘काहीतरी कमी आहे’ हे घेऊन कुठे बसणार?

दुसरी गोष्ट मी केलेली आहे, आणि ती सांगायला जड जातं.

चार वर्षांपूर्वी परभणीकडच्या एका मुलानं मला कथावाचन पाठवलं होतं. मी तेव्हा फार मन लावून, दोन तास बसून, त्याला 17 मुद्दे लिहून पाठवले. मला वाटत होतं, एवढा वेळ कोण देतं? पहिलाच मुद्दा होता, ‘ण’चा ‘न’ होतो आहे. पानी, कोन, म्हनाला. त्याखाली मी सराव करायला शब्दांची यादी दिली होती. मग श्वास, मग पंख्याचा आवाज, मग ‘श’ आणि ‘ष’, मग वेग. सगळे मुद्दे बरोबर होते. आजही त्यातला एकही मला चुकीचा म्हणता येणार नाही. त्यानं उत्तर पाठवलं, “धन्यवाद मॅडम.” आणि पुन्हा कधीच काही पाठवलं नाही.

सतरा मुद्दे एकदम कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत. पण ते फक्त संख्येचं झालं. मला खरी टोचणी आहे ती पहिल्या मुद्द्याची. ‘न’ आणि ‘ण’ हा आपल्याकडे निव्वळ उच्चाराचा प्रश्न नाही. त्यावरून वर्गात हसलेले असतात, मुलाखतीत भुवया उंचावलेल्या असतात, गाव, घर, जात सगळं त्या एका अक्षरावरून ताडलेलं असतं. तो मुलगा हे वीस वर्षं ऐकत आला असणार. त्यानं धीर करून आवाज रेकॉर्ड केला, अनोळखी बाईला पाठवला, आणि त्या बाईनंही सगळ्यात आधी तेच दाखवलं.

बातमीपत्र वाचायचं, पाठ्यपुस्तकाचा धडा वाचायचा, तर प्रमाण उच्चार लागतात. हे मी आजही शिकवते आणि कडक शिकवते. तो त्या कामाचा गणवेश आहे, आणि गणवेश कुणालाही शिवून घेता येतो. पण त्यानं वाचलेली गोष्ट शेतातल्या माणसाची होती. तिथे तो ‘न’ हेच त्या गोष्टीचं पाणी होतं. आणि आमच्या शहरी उच्चारांचं काय? चंद्राचा ‘च’ वेगळा आणि चांदण्याचा वेगळा. ‘माझा’मधला ‘झ’ दातांशी आणि ‘माझी’मधला टाळूशी. पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळेतली कितीतरी मुलं चांदण्याचा ‘च’ चंद्रासारखा म्हणताना मी ऐकते. त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही. ‘सवय गेलीय बिचाऱ्यांची’ म्हणतात. हा दुजाभाव मीही केला होता, हे कबूल करायला मला वेळ लागला.

रविवारी ती आली. हातात एक मोठी पिशवी, त्यात आजीनं शिवलेली गोधडी. कॉट बेसिसवर चौघी राहतात, खोलीत आवाज घुमतो, म्हणून ती गोधडी डोक्यावरून घेऊन, आत मोबाइलच्या उजेडात वाचते. “घाम येतो पण घुमत नाही,” म्हणाली. जुन्या सुती लुगड्यांचे थर आवाज पिऊन टाकतात, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. बाजारातल्या महागड्या फोमच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी बरं काम करत होती ती गोधडी. मी तिला तसं सांगितलं. हे कौतुक म्हणून नव्हतं, ती माहिती होती: हे बदलू नकोस, यावर पैसे घालवू नकोस.

आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड, अशी एक पद्धत हल्ली सगळीकडे शिकवतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. ऐकणाऱ्याला पहिल्या गोडातच कळतं की आता कडू येणार, आणि मग ते गोडही फुकट जातं. चांगलं आहे ते कामाचं असेल तर सांगावं, आणि तेही सेकंदासकट.

म्हणून मी फाइल लावली आणि 2:51ला थांबवली. “हे ऐक.”

म्हातारी बोलली. पोरीचे कान लाल झाले. “ताई, हे मी पुन्हा करणार होते. गावाकडचं आलं ते चुकून.”

“याला हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “आता चाळिसावा सेकंद ऐक.” तिनं ऐकला. “कोण बोलतंय?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुणीच नाही.”

मला जे रात्रभर कसं सांगू म्हणून वाटत होतं, ते तिनंच सांगितलं. पुढचं सोपं होतं. मी तिला विचारलं, लॅबमध्ये म्हातारी माणसं आली की तू काय विचारतेस? तिनं विचारून दाखवलं, “आजोबा, उपाशीपोटी आलात ना? चहासुद्धा नाही ना घेतला?” तीच पट्टी, तोच मोकळा घसा. म्हटलं, आता याच आवाजात गोष्टीचं पहिलं वाक्य सांग, त्या आजोबांनाच सांग. पहिल्या वेळी जमलं नाही. तिसऱ्या वेळी अर्धं वाक्य जमलं. अर्धं वाक्य त्या दिवसाला पुष्कळ होतं.

मग आम्ही एका वाक्यावर बसलो. ‘आईनं दार लावलं, पण कडी घालायची राहिली.’ ती ‘राहिली’वर उतरत होती, जशी प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर उतरत होती: बसली, म्हणाली, राहिली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नवा वाचणारा तिथे एक तर गात गात उतरतो किंवा श्वास संपून शब्द गिळतो. महत्त्वाचं असतं ते पुष्कळदा क्रियापदाच्या अलीकडे. लहानपणी आमच्या घरी सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, पुणे केंद्रावरून सुधा नरवणे वाचायच्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असली तरी वाक्यातलं शेवटचं ‘आहे’ पूर्ण ऐकू यायचं, आणि तरी कानाला टोचायचं नाही. ते मला कितीतरी वर्षांनी स्वतः वाचायला लागल्यावर उमगलं.

“हे वाक्य कशासाठी लिहिलंय?” मी विचारलं.

“कडीसाठी.”

“मग?”

“म्हणजे ‘कडी’वर जोर देऊ?” तिनं दिला. ‘कडी’ दणकन वाजली, दाराबिरासकट. आम्ही दोघी थांबलो.

“जोर राहू दे. तुमच्या घरी कडी कशी होती?”

“आजीकडं होती. लोखंडी. वर होती, माझा हात पुरायचा नाही. मी पाटावर चढून...” बोलता बोलता तिची मान वर गेली, हात वर गेला. “म्हण आता,” मी म्हटलं. मान तशीच वर ठेवून तिनं वाक्य म्हटलं. ‘कडी’च्या आधी एक कण थांबली, शब्द हलका उचलला आणि ‘घालायची राहिली’ हे जवळजवळ स्वतःशीच. मी रेकॉर्ड करत होते ते तिला माहीत नव्हतं. ऐकवल्यावर तिनं स्वतःच विचारलं, “हे किती सेकंदाला झालं?”

शेवटची दहा मिनिटं माइकला दिली. तिचे ‘भ’ आणि ‘फ’ धप्प वाजत होते. तळहात तोंडासमोर धरायला लावून तिला ‘फळा’ म्हणायला सांगितलं, मग ‘मळा’. फळ्याचा वारा हाताला लागतो, मळ्याचा लागत नाही. तोच वारा माइकवर आपटतो. मोबाइल तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याशी, एक वीत लांब धरला की वारा बाजूनं निघून जातो. आणि फाइल व्हॉइस नोट म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे दाबली जाणार नाही. वेग, श्वास, दोन ठिकाणी गिळलेले शब्द, हे सगळं माझ्या कागदावर होतं. तो कागद मी घडी घालून ठेवून दिला. ते पुढच्या फाइलला.

दारात चप्पल घालताना तिनं विचारलं, “ताई, मला काम मिळेल का हो?”

या प्रश्नाचं खोटं उत्तर द्यायचा मोह फार होतो, दोन्ही बाजूंनी. मिळेल म्हणून आनंदात घालवावं, नाहीतर या क्षेत्रात काही खरं नाही म्हणून शहाणं व्हावं. मी म्हटलं, “ते मला सांगता येणार नाही. मी साडेतीन मिनिटं ऐकली आहेत, त्याबद्दलच मला बोलता येतं. त्यातले सात सेकंद मला पुन्हा ऐकावेसे वाटले.” ती मान हलवून जिना उतरली. उतरताना पुटपुटत होती, कडी घालायची राहिली, कडी घालायची राहिली.

अकरा दिवसांनी तिची दुसरी फाइल आली. सोबत मेसेज होता: “0:18 आणि 1:32 ला ती बाई परत आलीय. मला कळलं. बाकी तुम्ही सांगा.” मी दिवा मालवून ऐकली. मटकी आठवली नाही.

ऐकून झाल्यावर झोप लागेना. फोनमध्ये खाली खाली जात त्या परभणीच्या मुलाचा धागा काढला. माझे 17 मुद्दे, त्याचं ‘धन्यवाद मॅडम’, आणि सगळ्यात वर त्याची फाइल. ती मी चार वर्षांत पुन्हा ऐकली नव्हती. या वेळी पेन घेतलं नाही. पावसाची वाट बघणाऱ्या बापाची गोष्ट होती. 2 मिनिटं 8 सेकंदांवर बाप विहिरीत डोकावतो आणि म्हणतो, “पानी खाली गेलं.” तो मुलगा ते वाक्य असं काही म्हणाला होता, की मला ते आत, खोल, विहिरीच्या कठड्याला हात टेकून म्हटल्यासारखं ऐकू आलं. आणि मी त्यावर लिहिलं होतं: मुद्दा क्रमांक 1, पाणी.

मी लिहिलं: “तुमची फाइल आज पुन्हा ऐकली. तेव्हा मी फक्त चुका सांगितल्या, एक गोष्ट सांगायची राहून गेली. 2:08चं वाक्य फार चांगलं झालंय. तसं माझ्याच्यानं झालं नसतं. पहिला मुद्दा मी मागे घेते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, नऊ सेकंदांचं, आवाजातलं. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

“मॅडम, फाइल नाही राहिली माझ्याकडं, फोन बदलला. कोनतं वाक्य म्हनालात? असली तर पाठवता का?”

मी फाइल डॉक्युमेंट करून पाठवली.